अनोळखी पथरी ओळखायची कशी? वस्तरा टेकवण्याआधीचे आठ टप्पे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात, डिचोली-फोंड्याच्या भंगारात किंवा आपल्याच घरच्या माळ्यावरच्या पेटीत कधीकधी एक काळपट, तेलकट, गुळगुळीत चौकोनी दगड हाती लागतो. ही पथरी, म्हणजे धार लावायचा दगड, असू शकते. सोबत जुना वस्तराही असला की हात लगेच शिवशिवतात. दगडावर पाणी टाकायचं, वस्तरा घासायचा आणि दाढी करून बघायची. ती खरवडून निघाली की दगड वाईट ठरवून टाकायचा. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशा धार गेलेल्या वस्तऱ्यांसह बरेच जण आले. बहुतेकांच्या दगडात दोष नव्हता. दगड कुठला, तो कोणत्या कामाचा, हे न बघताच पातं त्यावर गेलं होतं.

मीही एकदा हेच केलं. ऐन श्रावणात एका जुन्या धोकटीतली पथरी मिळाली. वरवर पुसली आणि थेट चांगल्या सोलिंगन (जर्मन बनावटीच्या) वस्तऱ्याला लावली. तेलाच्या थरात रेतीचे कण अडकले होते, ते दिसलेच नाहीत. धारेला तीन जागी दात पडले आणि ते घालवायला दोन संध्याकाळी १००० नंबरच्या दगडावर गेल्या (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक).

म्हणून हा क्रम. तीन प्रश्नांची उत्तरं याच ओळीने शोधायची. ही वस्तऱ्याचीच पथरी आहे का? ती कशाची बनली आहे? धार लावण्याच्या पायऱ्यांत, म्हणजे जाड दगडापासून बारीक दगडापर्यंतच्या क्रमात, तिची जागा कुठली? तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. दगडाचं नाव कळलं नाही तरी अडत नाही. जागा कळली नाही तर मात्र महागडा दगडही वस्तऱ्याचा घात करतो.

सामान आधी गोळा करा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दगड सैल बुडेल असा प्लास्टिकचा डबा. मजबूत दोरा. सोनार वापरतात तसं दहा पटींचं भिंग. मोबाइलचा टॉर्च. दात घासायचा जुना मऊ ब्रश आणि भांड्यांचा द्रवरूप साबण. २२०, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद), तो ठेवायला जाड काच किंवा सपाट फरशी. पेन्सिल, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, व्हिनेगर. चाचणीसाठी जुनी लोखंडी सुरी किंवा पटाशी, म्हणजे गंजणारं साधं पोलाद. स्टेनलेस नको.

आणखी एक गोष्ट हवीच, ती म्हणजे नंबर माहीत असलेले दोन दगड, एक १००० चा आणि एक ८००० चा. अनोळखी दगडाची तुलना करायला ओळखीचा दगड जवळ नसेल तर शेवटचे दोन टप्पे करता येत नाहीत. ते दगड येईपर्यंत सहाव्या टप्प्यावर थांबा.

टप्पा १ : धुऊ नका, आधी बघा

दगड हातात आला की पहिला मोह धुण्याचा होतो. तो आवरा. लेबलाचा कपटा, शाईचा शिक्का, दाबून उमटवलेलं अक्षर यांतलं काहीही शिल्लक असेल तर ते मळाखालीच असतं आणि ब्रशच्या पहिल्या फेऱ्यात निघून जातं.

सहाही बाजूंचे फोटो काढा. टॉर्च आडवा धरून काढा, म्हणजे खोलगट अक्षरं सावलीने उठून दिसतात. टोकाच्या दोन लहान बाजू विशेष बघा, कारण कागदी लेबल बरेचदा तिथेच चिकटवलेलं असतं. लांबी, रुंदी, जाडी लिहून ठेवा. वस्तऱ्याची पथरी बहुधा हातात मावेल अशी असते, साधारण ५ इंच लांब आणि २ इंच रुंद. ८ इंच लांबीचा जाड दगड असेल तर तो सुताराचा असण्याचा संभव जास्त.

झीज कुठे आहे तेही बघा. वस्तऱ्याने दगड रुंदीभर, सौम्य उतरत झिजतो आणि मधोमध थोडा खोल होतो. लांब बारीक खाचा असतील तर कोणीतरी त्यावर मासे धरायचे गळ किंवा सुया घासल्या आहेत. एकच कड गोल झाली असेल तर कोयता किंवा सुरी लावलेली असणार.

लेबलाबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीत आणि नंतर तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, पेट्यांतून युरोपातला माल येत राहिला, त्यामुळे लेबल जर्मन, फ्रेंच, इंग्रजी कशातही असू शकतं. ‘एशर’ हे नाव दिसलं तर ती थुरिंगियातल्या, म्हणजे जर्मनीतल्या, पाटीच्या दगडाची पथरी. ‘स्वाटी’ हे नाव दगडातच दाबलेलं असेल तर ती न्हाव्यांसाठी बनवलेली कृत्रिम पथरी. मात्र नाव डब्यावर असेल आणि दगडावर नसेल तर त्यावर विसंबू नका. एकाच्या डब्यात दुसरा दगड मी अनेकदा पाहिला आहे.

तपासा : फोटो, मापं आणि झिजेची नोंद वहीत झाली का? झाली असेल तरच पाणी आणा.

टप्पा २ : स्वच्छता, घाई न करता

जुन्या पथऱ्यांवर तेल, फेस, लोखंडाची भुकटी आणि धूळ यांचा थर असतो. आपल्याकडे त्यात खोबरेल हमखास असतं, वर अंगणातली तांबडी मातीही. त्यामुळे तांबूस डाग दिसला म्हणून तो दगडाचा रंग समजू नका. तो गंज असेल किंवा माती.

कोमट पाण्यात साबण घाला आणि दगड तासभर ठेवा. ब्रशने घासा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. दोन-तीन दिवस असं करावं लागतं. माझ्या त्या धोकटीतल्या पथरीचं पाणी पहिल्या दिवशी उसाच्या काकवीसारखं झालं आणि खवट खोबरेलाचा वास घरभर पसरला. तिसऱ्या दिवशी बाजूच्या कडेवर सायीच्या रंगाचा एक पट्टा वर आला. खाली गडद करडा थर होता आणि दोघांमध्ये फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. तोवर ज्याला मी काळा दगड समजत होतो तो दोन दगड जोडून केलेला होता.

सावधान : उकळतं पाणी, ओव्हन, कडक ऊन, आम्ल यांपैकी काहीही वापरू नका. जोड-दगडाचा डिंक सुटतो. लाखेत कुरुंदाची पूड घालून केलेले देशी दगड उष्णतेने मऊ पडतात. पाटीच्या जातीचे दगड थरांतून चिरतात. रॉकेलने तेल सुटतं हे खरं, पण जोडाचा डिंकही ढिला होऊ शकतो आणि वास आठवडे जात नाही. साबण आणि सबुरी पुरेशी आहे.

नंतर सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे दगड दोन दिवसांत वाळत नाही. रोज एकाच वेळी वजन करा. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला की दगड वाळला. ओल्या दगडाचं वजन घेऊन पुढे गेलात तर पाचव्या टप्प्यातलं उत्तर चुकतं, आणि चुकलं हे कळतही नाही.

टप्पा ३ : पथरी नसलेले दगड बाजूला काढा

आपल्या घरांत पथरीसारखे दिसणारे दगड बरेच असतात. लोक इथेच सगळ्यांत जास्त फसतात.

सहाण : गंध उगाळायची. बहुधा गोल असते, कधी पाय असतात, पोत खरबरीत, मधोमध खोलगट. भिंगातून खाचांत पिवळसर चंदनाचा अंश दिसतो. पात्याच्या कामाची नाही.

सोनाराची कसोटी : हा सगळ्यांत फसवा दगड. काळी, तळहाताएवढी किंवा त्याहून लहान, हाताला रेशमासारखी. पण कसोटी घासून खोलगट होत नाही, कारण तिच्यावर सोन्याची फक्त रेघ ओढतात. टॉर्च आडवा धरून भिंगातून बघा, कुठेतरी पिवळी बारीक रेघ सापडते. सापडली तर तो दगड जपून ठेवा किंवा एखाद्या सोनाराकडे द्या. वॉटर पेपरवर घासू नका.

संगमरवराचा तुकडा : जुन्या घरांच्या फरशीतला किंवा मेजावरचा. मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. लगेच धुऊन टाका. असा दगड पोलाद कापत नाही.

पाटीचा तुकडा : शाळेच्या जुन्या दगडी पाटीचा. फार पातळ असतो. हा थेट बाद करू नका, कारण पाटीच्याच जातीच्या दगडांतून उत्तम पथऱ्या निघतात. मात्र शाळेची पाटी पथरी म्हणून निवडलेली नसते. तिच्यात कठीण कण असू शकतात. शेवटच्या टप्प्यापर्यंत ती संशयितच धरा.

अंगणातला जांभा किंवा नदीतला गोटा यांचा इथे प्रश्नच येत नाही. जांभा सच्छिद्र आणि ओबडधोबड असतो, त्यावर विळा लागेल, वस्तरा नाही.

टप्पा ४ : माणसाने बनवलेला की खाणीतला?

वाळलेला दगड भिंगाखाली धरा. कृत्रिम दगडात कण सगळीकडे एकसारखे असतात, मध्ये सारख्या अंतरावर बारीक छिद्रं असतात आणि टॉर्च फिरवला की पृष्ठभाग सगळीकडे सारखाच चमचमतो. कडा साच्यातून निघाल्यासारख्या असतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो दोन बाजूंचा करडा दगड, एक बाजू जाड आणि एक बारीक, हा याच जातीचा. सुतार लोक वापरतात तो तांबूस-तपकिरी तेलाचा दगडही याच घराण्यातला. त्यांची ‘बारीक’ म्हणवली जाणारी बाजूही वस्तऱ्याला फार जाड पडते. दात पडलेल्या वस्तऱ्यालाही त्यावर नेऊ नका. त्या कामाला १००० चा दगड आहे.

नैसर्गिक दगडात काहीतरी असमान असतंच. एखादी शीर, ठिपका, ढगासारखा डाग, थरांची रेघ. मागची बाजू बरेचदा करवतीच्या खुणांची असते, कारण खालचा भाग कोणी गुळगुळीत करत बसत नाही.

दोन रंगांचा दगड असेल तर मधली रेघ नीट बघा. बेल्जियमच्या आर्देन भागातली पिवळसर पथरी, जिला कोटिक्यूल म्हणतात, बहुधा गडद पाटीच्या दगडावर चिकटवलेली असते. अशा जोडाची रेघ सरळ असते आणि भिंगातून डिंकाचा चकाकता धागा दिसतो. तोच जोड खाणीतून आलेला असेल तर रेघ लहरी असते, दोन्ही रंग एकमेकांत जरासे मुरलेले असतात, आणि खालचा थर बहुधा जांभळट-निळा असतो.

अंधाऱ्या खोलीत टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून बघा. कडेतून उजेड आत झिरपत असेल आणि दगड मेणासारखा उजळत असेल तर अमेरिकेतल्या आर्कान्सा दगडाची शक्यता मोठी. तो जवळजवळ शुद्ध सिलिका असतो. मात्र त्याच खाणीतला काळा दगड असा उजळत नाही, तेव्हा उजेड नाही म्हणजे आर्कान्सा नाही असं समजू नका.

शेवटी पाण्याचा थेंब. तो लगेच शोषला गेला तर दगड सच्छिद्र, बहुधा कृत्रिम. मण्यासारखा उभा राहिला तर दाट दगड, नाहीतर तेल अजून आत आहे. तपकिरी तेलाचे दगड कारखान्यातच तेल भरून येतात, तेही पाणी घेत नाहीत. तेव्हा एकट्या थेंबावरून निकाल देऊ नका.

टप्पा ५ : वजनावरून घनता काढा

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यांत खात्रीचा हाच. रंग फसवतो, विकणारा फसवतो, घनता सहसा फसवत नाही.

१. कोरड्या दगडाचं वजन लिहा.
२. काट्यावर पाण्याचा डबा ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
३. दगडाला दोरा बांधा आणि तो हाताने लोंबकळत धरून पूर्ण पाण्यात बुडवा. तळाला किंवा भिंतीला लागता कामा नये.
४. काट्यावर आलेला आकडा लगेच वाचा. दगडाने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढे ग्रॅम काटा दाखवतो.
५. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

समजा दगड कोरडा ४१२ ग्रॅम आहे आणि पाण्यात काट्याने १५१ दाखवले. ४१२ भागिले १५१ म्हणजे २.७३. हा पाटीच्या जातीच्या दगडाचा आकडा आहे.

ढोबळ वाचन असं करा. २.२ ते २.४ आला तर सच्छिद्र दगड, कृत्रिम किंवा मऊ आर्कान्सा. २.५ ते २.६५ म्हणजे दाट सिलिका, कठीण किंवा काळा आर्कान्सा. २.७ ते २.८ म्हणजे पाटीची जात, ज्यात थुरिंगियाची पथरी येते, वेल्समधले पाटीचे दगडही येतात. ३ च्या वर गेला आणि दगड सायीच्या रंगाचा असेल तर कोटिक्यूल. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात आणि गार्नेट जड असतं.

आता यातले सापळे. संगमरवरही २.७ च्या आसपासच येतो, म्हणून तिसऱ्या टप्प्यातला व्हिनेगरचा थेंब आधी. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट २.८ ते ३ पर्यंत जातो, म्हणून काळा दगड जड निघाला तर लगेच हुरळून जाऊ नका. जोड-दगडाचा आकडा दोन्ही दगडांची सरासरी असते. माझी ती धोकटीतली पिवळी पथरी २.९ आली, कारण निम्मा भाग खालच्या पाटीचा होता. आणि दगड पाण्यात असताना बुडबुडे येत असतील व काट्यावरचा आकडा हळूहळू खाली सरकत असेल तर दगड पाणी पितो आहे. तेव्हा पहिल्या दोन सेकंदांतला आकडा धरा.

तपासा : तीन वेळा मोजा. तिन्ही उत्तरं ०.०५ च्या आत येत नसतील तर दगड तळाला लागतो आहे किंवा अजून ओला आहे.

टप्पा ६ : ओरखडा आणि सपाटी

मागच्या बाजूला, कोपऱ्यात, खिळ्याचं टोक दाबून ओढा. खरा ओरखडा पडला आणि पूड निघाली तर दगड मऊ, पाटीच्या जातीचा. ओरखड्याऐवजी करडी धातूची रेघ उठली आणि ती बोटाने पुसली गेली तर दगड खिळ्याहून कठीण आहे, खिळाच झिजला. मग दगडाची कड काचेच्या तुकड्यावर ओढा. काच कापली गेली तर सिलिका किंवा कृत्रिम कुरुंद-कार्बाइडचं घराणं.

आता सपाटी. खोलगट दगडावर घेतलेली कुठलीही चाचणी खोटी, कारण वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी टेकत नाहीत. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा. काचेवर २२० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि आठ आकड्याच्या वळणाने घासा. मधल्या रेघा शेवटी जातात. सगळ्या गेल्या की पुन्हा आखा, ४०० वर घासा, मग ६०० वर. चारही कडा किंचित गोल करा, नाहीतर त्या पात्यात घुसतात.

सावधान : हे कोरडं कधीही करू नका. दगडाची धूळ म्हणजे बरेचदा सिलिकाची धूळ, आणि ती फुप्फुसात कायमची बसते. भरपूर पाणी वापरा, मास्क लावा, गाळ वाळण्याआधी पुसून घ्या.

आणखी एक. पहिल्यांदा एकच बाजू सपाट करा. दुसरी तशीच ठेवा. दगड पुढे दुर्मीळ निघाला तर जुनी बाजू हाच त्याचा पुरावा असतो. आणि आर्कान्सासारखा कठीण दगड वॉटर पेपरला दाद देत नाही, दोन-तीन कागद संपतात तरी रेघा जात नाहीत. हीसुद्धा ओळखीचीच एक खूण म्हणून लिहून ठेवा.

टप्पा ७ : दगडाचं दूध आणि पोलादाची परीक्षा

दगड पाण्यात घासून निघणाऱ्या लगद्याला मी दूध म्हणतो. त्याचा रंग बोलका असतो, पण तो वॉटर पेपरवर बघू नका. वॉटर पेपरचे करडे कण त्यात मिसळतात आणि प्रत्येक दगड करडाच वाटतो. दगड स्वच्छ धुवा, त्याच जातीचा लहान तुकडा असेल तर तो घ्या, नसेल तर हिऱ्याच्या कणांची पट्टी वापरा, आणि गाळलेल्या पाण्याचे चार थेंब घालून हलके घासा. विहिरीचं पाणी थेट नको, त्यातला एक रेतीचा कण सगळं बिघडवतो.

सायीसारखं पिवळट-पांढरं दूध कोटिक्यूलचं. गडद निळसर पथरी घासल्यावर दूध मात्र फिकट आलं आणि घनता २.७ च्या पुढे असेल तर थुरिंगियाकडे बोट जातं. निळसर-जांभळट दूध बेल्जियमच्या निळ्या दगडाचं. दूध जवळजवळ निघतच नसेल तर आर्कान्सासारखा कठीण दगड.

आता पोलाद. वस्तरा नाही, जुनी पटाशी. तिची सपाट पाठ १००० च्या दगडावर घासून एकसारखी करा. मग अनोळखी दगडावर वीस फेरे. पाणी काळं व्हायला लागलं की दगड पोलाद कापतो आहे. किती फेऱ्यांत झालं ते मोजा. पुसून भिंगाखाली बघा. १००० च्या रेघा पुसल्या जाऊन त्यांहून बारीक रेघा किंवा धुकट झाक आली तर दगड १००० च्या वर. जास्त खोल रेघा आल्या तर खाली, आणि वस्तऱ्यासाठी त्याचा विषय तिथेच संपला.

मग दुसऱ्या बाजूने पकडा. पटाशीची पाठ ८००० वर चकचकीत करा आणि पुन्हा अनोळखी दगडावर वीस फेरे. चकाकी जाऊन रेघा स्पष्ट दिसल्या तर दगड मधल्या पायरीचा. चकाकी टिकली किंवा फक्त हलकी धुकट झाली तर तो शेवटच्या पायरीचा उमेदवार आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नैसर्गिक दगडांना खरा नंबर नसतो. विकणारे ‘दहा हजाराचा’, ‘बारा हजाराचा’ सांगतात तो अंदाज. नैसर्गिक दगडावरची धुकट झाक ८००० च्या आरशापेक्षा मंद दिसूनही गालाला जास्त मऊ लागू शकते. म्हणून डोळ्याचा निकाल शेवटचा नाही, आणि म्हणूनच आठवा टप्पा.

या टप्प्यात पटाशीवर कुठेही एकटी, खोल, वेडीवाकडी रेघ उठली तर थांबा. दगडात कठीण कण आहे किंवा घाण राहिली आहे. पुन्हा धुवा, ६०० वर पुन्हा घासा, पुन्हा बघा. तीनदा तेच झालं तर त्या दगडावर वस्तरा कधीच ठेवू नका.

टप्पा ८ : वस्तरा, एका वेळी एकच बदल

महागाचा नव्हे, साधा पण सरळ धारेचा वस्तरा घ्या. जुना असेल तर गंज काढा, साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा. दुसऱ्याच्या रक्ताचा संबंध आलेलं हत्यार असू शकतं, हे विसरू नका.

१००० वर धारेचा उतार टोकापासून टाचेपर्यंत पूर्ण बसवा. अर्धवट उतारावर कुठलाही दगड नापासच होतो, आणि दोष दगडाच्या माथी जातो. मग मधली पायरी, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या नंबरचा दगड, मग ८०००. चामड्याच्या पट्ट्यावर साठ फेरे. हातावरचे केस कापले जातात का ते तपासा आणि एका गालाची दाढी करा. कसं लागलं ते लगेच लिहा.

आता फक्त अनोळखी दगड मध्ये आणा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे, पलटताना पाठीवरून, दाब पात्याच्या वजनाएवढाच. साध्या पाण्यावर तीस ते पन्नास फेरे. पट्ट्यावर तेवढेच साठ. आणि दुसरा गाल.

दुसरा गाल मऊ आणि स्वच्छ लागला तर दगड शेवटच्या पायरीवर बसतो. तसाच लागला तर ८००० च्या शेजारी. ओढून लागला तर आधी पाण्याऐवजी दाढीचा फेस घालून एकदा बघा, कारण न्हाव्यांच्या काही कृत्रिम पथऱ्या फेसावरच चांगलं काम करतात. कठीण सिलिकाचा दगड असेल तर पातळ तेलाचा थेंब घालून बघा. तरीही ओढत असेल तर तो मधल्या पायरीचा.

या टप्प्यावर नेमक्या दोन चुका होतात. पहिली, पट्ट्यावर धार चकचकीत करायची हिरवी पेस्ट लावणं. पेस्ट स्वतःच धार करते, मग गालाला लागतं ते पेस्टचं काम आणि श्रेय मिळतं दगडाला. परीक्षा संपेपर्यंत साधा पट्टाच. दुसरी, धार येत नाही म्हणून दाब वाढवणं. डिचोलीतल्या ज्या वृद्ध नाभिकांकडे मी हे शिकलो ते वस्तरा दोन बोटांत असा धरायचे की दगडावर आवाज फक्त सुरुवातीला यायचा. धार बसत गेली की तो आवाज बारीक होत होत थांबायचा. आवाज खरखरीत राहिला तर ते हात उचलायचे, दगड धुवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

दगडाच्या नावाची चिठ्ठी

निकाल लागला की मागच्या बाजूला पेन्सिलने तीन गोष्टी लिहा. घनता, पाणी की फेस की तेल, आणि कुठल्या पायरीनंतर. माझ्या पिवळ्या पथरीच्या पाठीवर लिहिलं आहे, ‘२.९, पाणी, ८००० नंतर’. ती बेल्जियमच्या नेमक्या कुठल्या खाणीतली हे कळायचा मार्ग नाही, आणि तीन वर्षं रोजच्या दाढीला त्याची गरजही पडलेली नाही.

ठेवताना दगड पूर्ण वाळवून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते. वस्तरा त्याच डब्यात ठेवू नका. दगडात राहिलेला ओलावा एका रात्रीत धारेवर गंजाचे ठिपके उठवतो. पात्याला तेलाचा हात लावून तो वेगळा ठेवा.